चुलीमागची भिंत राखणाऱ्या प्रमिलाताई

डॉ. प्रमिलाताई दुसाने यांच्याशी माझी ओळख झाली ती त्यांनी मला रांगेत बसवलं म्हणून. त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या ग्रंथात लिहिण्याचा मान खोऱ्यातल्या आपल्या मराठी मंडळानं मला दिला, तेव्हा सगळ्यांत आधी डोळ्यांपुढे आला तो दवाखान्यातला लाकडी बाक.

मी त्या वेळी कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात कालव्यांच्या कामावर इंजिनिअर होतो. पाण्यात उतरून उतरून पायांना पुरळ उठलं होतं. गावातल्या सरकारी दवाखान्यात गेलो, तर दारावर पाटी, ‘डॉ. पी. दुसाने’. परमुलखात मराठी आडनाव अचानक समोर आलं की माणसाला काय होतं, हे या ग्रंथाच्या वाचकांना सांगायला नको. बाकांवर द्राक्षमळ्यांतले मजूर बसले होते. कुणी मेक्सिकन, कुणी फिलिपिनो, अंगावर अजून मळ्यातली धूळ. त्यांच्यामधून वाट काढत मी थेट आतल्या दारावर टकटक केलं. दार उघडून एक ठेंगण्या, चष्मा लावलेल्या बाई बाहेर आल्या.

“मराठी का तुम्ही?”

“हो! महाबळ. मूळचा मिरजेचा.”

“छान. मग मराठीतच सांगते. रांगेत बसा.”

बसलो. बसल्याबसल्या मला आमची पाचवीची शाळा आठवली. तिथंही असेच बाक होते. मास्तर एकेकाला उभं करून कविता म्हणायला लावत, आणि ज्याला येत नसे तो आपली पाळी लांबावी म्हणून खिडकीबाहेर बघत राही. त्या दवाखान्यातली माणसं तशीच खिडकीबाहेर बघत होती. माझी पाळी आली तेव्हा दुपार कलली होती. ताईंनी मलम लिहून दिलं आणि म्हणाल्या, “मळ्यांवर फवारलेलं सगळं या पाण्यात उतरतं. तुम्हाला खात्याकडून उंच बूट मिळतात ना? घाला ते. बाहेर बसलेत त्यांना मागूनही मिळत नाहीत.” एवढं बोलून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. मी रागावून बाहेर पडलो. त्या रागातूनच पुढे आयुष्यभराचा स्नेह कसा जमला हे मला आजही नीटसं सांगता येणार नाही.

प्रमिलाताईंचं माहेर निफाडकडचं, घरी द्राक्षांचे मळे. त्यामुळे या खोऱ्यात नेमणूक झाली तेव्हा त्यांना फारसं परकं वाटलं नसावं. तीच वेल, तोच मांडव, छाटणीनंतरचा तोच उघडाबोडका हिवाळा. “फक्त इथं मळ्याच्या मालकाचा चेहरा दिसत नाही,” असं त्या म्हणत. त्यांच्याकडे म्हातारे मजूर यायचे ते कमरेतून वाकलेले. ताई गोळ्या देऊन थांबत नसत, काय काम केलंत म्हणून विचारत. मग कळे की तरुणपणी यांच्या हातात आखूड दांड्याची कुदळ दिलेली होती, आणि ती चालवायची तर दिवसभर दुमडून राहावं लागे. त्या पाठींमधूनच ताईंना शेतमजुरांच्या चळवळीचा इतिहास कळत गेला. द्राक्षं तोडायला नकार देऊन मजूर मळ्यांबाहेर कसे उभे राहिले, वेगवेगळ्या भाषांची माणसं एका पंगतीला कशी बसली, हे सगळं पेशंटच्या तोंडून, रक्तदाब मोजता मोजता.

या पेशंटांतल्याच एक लुपेआजी. संपाच्या दिवसांत त्या ऐन तरुण होत्या आणि संपकऱ्यांसाठी रांधत होत्या. गावाच्या कडेला मजुरांच्या वसाहतीचं एक सामाईक स्वयंपाकघर होतं, विटांच्या भिंती आणि वर पत्रा. संप सुरू झाल्यावर वसाहतीचा गॅस तोडला गेला. बायकांनी विटा रचून चुली मांडल्या आणि वेलींची वाळकी खोडं जाळून स्वयंपाक चालू ठेवला. संप मिटेपर्यंत त्या चुली विझल्या नाहीत. चुलीमागची भिंत काळीकुट्ट झाली. त्याआधी तिथं गॅस होता आणि नंतर ती जागा कुलूपबंद राहिली. म्हणजे त्या भिंतीवरची काजळी संपातलीच, दुसऱ्या कशाची असूच शकत नव्हती. आजी म्हणायच्या, “पुतळे तुमचे तुम्हाला. माझी चूल ठेवा.” ताईंनी त्यांना शब्द दिला, “ठेवू.”

त्या एका शब्दामागे प्रमिलाताईंची निवृत्तीनंतरची सगळी वर्षं गेली.

सरकारकडून या चळवळीच्या स्मरणार्थ राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान व्हावं, अशी मागणी खोऱ्यात जोर धरू लागली होती. ताईंनी ती गोष्ट आपल्या मंडळात पहिल्यांदा मांडली तेव्हाची सभा काहींना आठवत असेल. उद्यान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे कारंजी आणि झोपाळे येतात. एका काकूंनी मोठ्या उत्साहानं विचारलं होतं, “मग आपल्यातर्फे मोगरा लावू या का?” ताई हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की हे उद्यान बागेचं नव्हे. सभेची जागा, मोर्चाचा रस्ता, दवाखाना, स्वयंपाकघर अशी विखुरलेली ठिकाणं कायद्यानं एका नावाखाली आणायची, म्हणजे ती कुणी पाडणार नाही आणि येणाऱ्याला तिथली गोष्ट सांगायला माणूस असेल. पण कुठली जागा आत घ्यायची हे पाहणीनंतर ठरतं, आणि पाहणी करणारे पहिली गोष्ट बघतात ती तिचं मूळपण. स्वयंपाकघर ज्यांच्या जमिनीत होतं त्या मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, ‘उद्यानात गेलं तर सरकारचं, नाही गेलं तर मी पाडून गोदाम बांधणार.’ ताईंनी विनवण्या करून पाहणीपर्यंतची मुदत मिळवली आणि किल्लीही मागून घेतली.

त्या काळात मी त्यांचा सारथी होतो. सुनावण्या, बैठका, म्हाताऱ्या मजुरांच्या गाठीभेटी. खोऱ्यातले रस्ते सरळसोट, दोन्ही बाजूंना वेली, संपता संपत नाहीत. मग आम्ही शाळेतल्या कविता म्हणायचो. एक कडवं मी, एक त्या. मला चाली आठवायच्या, त्यांना शब्द. आमच्या क्रमिक पुस्तकात लांब कवितांची शेवटची दोन कडवी गाळलेली असत आणि ती बहुधा रडवणारीच असत. ताईंनी ती कुठून मिळवून पाठ केली होती देव जाणे. मी मुक्कामाला पोहोचायच्या घाईत एखादं कडवं सोडून पुढे गेलो की त्या डॅशबोर्डवर बोटांनी ठोका देत.

“महाबळ, एक राहिलं.”

“अहो ताई, ते फार उदास आहे. आत्ता सुनावणीला जायचंय.”

“उदास आहे म्हणून गाळायचं? मग कविता कशाला म्हणायची! मागे या.”

मी मागे यायचो. आज इतक्या वर्षांनी वाटतं, प्रमिलाताईंचं सगळं काम या एका वाक्यात मावतं.

माझ्या घरी आलेल्या वाईट दिवसांबद्दलही इथं लिहिलं पाहिजे. माझी पत्नी नलिनी गेली त्यानंतर मी बोलणंच सोडलं होतं. येणारे जाणारे समजूत घालत, मी मान हलवीत असे. प्रमिलाताई दर गुरुवारी मुगाची खिचडी घेऊन येत, समोर बसत, आणि माझं जेवण होईपर्यंत एक अक्षर बोलत नसत. असे बरेच गुरुवार गेले. एकदा ताट उचलता उचलता म्हणाल्या, “बोलू नका हवं तर. कविता म्हणा. नलिनीला आवडायची ती.” मी म्हटली. आवाज फुटेना, मध्येच शब्द विसरलो, तर त्यांनी आतून, भांडी घासता घासता, पुढचा शब्द दिला. मी पुन्हा माणसांत आलो तो त्या शब्दाला धरून.

आता ज्या प्रसंगामुळे मला हा लेख लिहायचाच होता, त्याकडे येतो. काहींना वाटेल की गौरवग्रंथात हे कशाला. पण ताईंच्या गौरवात उदास कडवं गाळलं तर ते त्यांनाच चालणार नाही.

अखेर पाहणीचा दिवस ठरला. उद्यान खात्याच्या अधिकारी बाई सकाळी येणार होत्या. नेमकं आदल्या दिवशी ताईंना शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. त्यांच्या नजरेचा मधला भाग तेव्हाच धूसर व्हायला लागला होता आणि डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. ते चुकवणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी स्वयंपाकघराची किल्ली आपल्या मंडळाच्या विश्वासकडे दिली. विश्वास नागपूरचा, घरून सॉफ्टवेअरचं काम करणारा, आणि कुठल्याही कामाला ‘ताई, डन समजा’ म्हणून उभा राहणारा. अंगणातलं गवत काढायचं आणि आत झाडून घ्यायचं, एवढंच काम होतं.

आम्ही परतलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यावर काळा चष्मा. मी त्यांना हात धरून आणलं. दाराला संत्र्याच्या पानांचं तोरण होतं, कारण आंब्याची पानं मिळणार कुठून. उंबऱ्यापुढे मोठी रांगोळी. मंडळाची पंधरावीस माणसं घामाघूम होऊन पण फुललेल्या चेहऱ्यांनी उभी. विश्वास पुढे झाला. “ताई, सरप्राइज! या ना आत.”

ताईंनी उंबरा ओलांडला आणि तिथंच थांबल्या. चष्मा काढला. मला म्हणाल्या, “महाबळ, भिंत एवढी पांढरी का दिसतेय हो? थेंबांमुळे का?”

मी भिंतीकडे पाहिलं.

“नाही ताई,” मी म्हणालो. “भिंत पांढरी आहे.”

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी घर आवरायचं, चुलीमागची काजळी घासून भिंत उजळायची, हे आपल्या रक्तातच आहे. आपल्या आयांनी दर दिवाळीला तेच केलं. ही माणसं तेच करून बसली होती, प्रेमानं, घाम गाळून, दुकानातून रंगाचे डबे आणून. कुणाच्याही मनात आलं नव्हतं की ती काजळीच बघायला पाहुणे येणार आहेत.

विश्वासला काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. त्याचा चेहरा उतरला. “मी खरवडून काढतो ताई. आत्ता.”

“हात लावू नको. खालचं जे असेल तेही निघेल.”

“मग एक करू. मागे लाकडं पडलीत. चूल पेटवतो, अंधार पडायच्या आत भिंत जशीच्या तशी काळी. गॅरंटी.”

“आणि उद्या त्या बाईंना काय सांगायचं? ही संपातली काजळी म्हणून?”

“त्यांना कुठं कळणार आहे यार...” विश्वासनं जीभ चावली. “सॉरी ताई. पण नाही सांगितलं, तर कोण विचारतंय? मालक पाडून टाकेल सगळं! आजींना काय सांगणार तुम्ही?”

हा प्रश्न खरा होता. सगळे ताईंकडे बघू लागले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं, पेटवावी चूल. एक वाळकं खोड, एक काडी, आणि आजींचं स्वयंपाकघर वाचेल.

ताई भिंतीच्या अगदी जवळ गेल्या. त्यांना त्या वेळी कितपत दिसत होतं कोण जाणे. मग म्हणाल्या, “त्यांनी नाही विचारलं तरी मी सांगेन. खोटी काजळी लावली, तर आजींची खरी होती हे पुढे कोण मानेल? चला, सगळ्यांना उशीर होतोय. रांगोळी राहू दे, छान काढलीय.”

सकाळी अधिकारी बाई आल्या. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून अंग चोरून आत आल्या. पाठोपाठ लुपेआजींची चाकांची खुर्ची आली. आजींनी पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं, दाराच्या तोरणाकडे पाहिलं, आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाल्या. ताईंनी आम्हाला मराठीत सांगितलं, “विचारतायत, लग्न कुणाचं आहे?”

कुणाला हसू आलं नाही. आजींनी खुर्ची भिंतीजवळ न्यायला सांगितली. तळहात भिंतीला टेकवला आणि उलटा करून पाहिला. तो स्वच्छ होता. हळूच म्हणाल्या, “पूर्वी हात लावला की काळा व्हायचा.”

अधिकारी बाईंनी विचारलं, हे कुणी केलं? विश्वास पुढे यायला निघाला, तर ताईंनी नुसता त्याच्या दंडाला हात लावला. म्हणाल्या, “किल्ली मी दिली होती. जबाबदारी माझी. इथं संपातल्या चुलींची काजळी होती आणि काल आमच्या हातून ती झाकली गेली. खाली काय उरलंय ते मला माहीत नाही.” एवढंच. ना सबब, ना रडारड. त्या बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. जाताना मात्र ताईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, “खरवडू नका. धुऊ नका. आम्हाला पुन्हा यावं लागेल. कधी ते सांगता येत नाही.”

अहवालात स्वयंपाकघर उद्यानाच्या हद्दीबाहेर राहिलं. पुढच्या पाहणीत फेरविचार व्हावा, अशी शिफारस तेवढी होती. उद्यानाचं विधेयकही अजून मंजूर व्हायचं आहे. दर खेपेला पुढे ढकललं जातं. ताई पुन्हा मालकांच्या दारात जाऊन बसल्या, आणि ते कुरकुरत पुढच्या पाहणीपर्यंत थांबायला तयार झाले. विश्वास कितीतरी महिने मंडळात फिरकला नाही. ताई त्याच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, “किल्ली तुझ्याचकडे असू दे. पत्र्यातून पाणी गळतंय का तेवढं बघत जा.” त्या दिवसापासून तो दर पावसानंतर जाऊन येतो. गळायला लागलं तर वर चढून पत्रा ठोकतो. भिंतीला मात्र बोट लावत नाही.

पाहणीनंतरच्याच हिवाळ्यात लुपेआजी गेल्या. शेवटच्या दिवसांत ताई त्यांच्या उशाशी होत्या. आजींनी विचारलं, “चूल?” ताई म्हणाल्या, “उभी आहे.” ‘उद्यानात आहे’ असं म्हणता आलं असतं. जाणारं माणूस काय तपासायला येणार होतं! पण ताई तेवढंच म्हणाल्या. परत येताना गाडीत त्या रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. कविता म्हणायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

पुढे माझ्याच्यानं एकट्यानं राहवेना, म्हणून मी मुलाकडे, दूर उत्तरेला रेडमंडला आलो. इथं हिवाळाभर पाऊस. मुलगा, सून आपापल्या मीटिंगांत, नातवंडं माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देतात. मी खिडकीशी बसून पाठ केलेल्या कविता पुन्हा पाठ करतो आणि कुठं शब्द अडला तर खोऱ्यात फोन लावतो. ताई शब्द देतात. अलीकडे कधी कधी त्यांनाही आठवत नाही. मग आम्ही दोघंही फोन धरून नुसते बसतो.

गेल्या हिवाळ्यात लुपेआजींच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास मी खोऱ्यात जाऊन आलो. वर्षश्राद्ध हा शब्द ताईंचा, त्या दर वर्षी आजींचा दिवस पाळतात. खोऱ्यात तेव्हा दाट धुकं असतं, दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. विश्वासनं कुलूप काढलं. आत ओल होती, आणि कितीतरी वर्षांनी तिथं धुराचा वास येत होता. मी आधी भिंतीकडे पाहिलं आणि वाटलं, माझीच नजर गेली की काय. पांढऱ्या रंगातून जागोजागी पिवळट, मग तपकिरी, आणि चुलीच्या बरोबर वर चक्क काळे डाग वर आले होते. काही ठिकाणी रंगाचे पोपडे सुटले होते.

“अहो काका, दुकानदारानं सांगितलं होतं,” विश्वास दबक्या आवाजात म्हणाला, “काजळीवर आधी प्रायमर मारा, नाहीतर डाग वर येतील. पण तो वाळायला वेळ लागणार होता आणि सकाळी पाहुणे यायचे होते. घाईत राहिलाच.”

धुक्याची ओल धरून धरून भिंत आपली आपण काळी होत होती. कुणी खरवडली नव्हती, कुणी धूर दिला नव्हता. ज्या घाईनं ती झाकली गेली, त्याच घाईनं ती वाचली होती.

प्रमिलाताईंना आता समोरचं नीट दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. त्या मान तिरपी करून भिंतीकडे बघत होत्या. हात लावायचा नाही हा नियम त्यांनीच घातलेला. पण त्या दिवशी त्या पुढे गेल्या आणि जिथं आजींनी तळहात टेकवला होता, तिथं एका सुटलेल्या पोपड्याशी, त्यांनी आपला तळहात अलगद टेकवला. मग तो माझ्यासमोर धरला.

“महाबळ, लागलं का हो?”

त्यांच्यापुढे कधी खोटं बोललो नाही, आणि त्या दिवशी तशी वेळही आली नाही. तळहाताच्या रेषांमध्ये, अगदी पुसट, पण करडं काहीतरी उमटलं होतं.

“लागलं ताई,” मी म्हणालो.

त्यांनी तो हात पदराला पुसला नाही. घरी पोहोचेपर्यंत तसाच उघडा मांडीवर ठेवून बसल्या.

पुढची पाहणी कधी होईल कुणालाच ठाऊक नाही. विधेयक अडकलेलं आहे, मालक थकत चाललेत, संपात उभ्या राहिलेल्या माणसांतलं एकेक गळतं आहे. मला फार आशा वाटते असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. पण भिंत आपल्या वेगानं चालली आहे, आणि तिला हिवाळे लागणार आहेत.

म्हणून पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या प्रमिलाताईंसाठी मी देवाकडे धुकं मागतो. खोऱ्यात अजून पुष्कळ हिवाळे दाट धुकं पडो. त्या प्रत्येक हिवाळ्यात ताई धडधाकट असोत, काठी टेकत का होईना त्या दारापर्यंत जावोत. आणि अधिकारी बाई पुन्हा येतील त्या सकाळी, उंबऱ्यावर रांगोळी असो नसो, आत प्रमिलाताई उभ्या असोत. दिसलं नाही तरी चालेल. भिंतीला हात लावून, ‘लागलं का?’ म्हणून विचारायला त्या तिथं असल्या म्हणजे झालं.